सरगुंड्यांच्या पानावरचे शुभेच्छुक

मजकूर कसा लिहावा हे मला कोणी शिकवू नये. हे मी गर्वाने म्हणत नाही, वस्तुस्थिती सांगतो. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं मी टिप्पण्या लिहिल्या आहेत आणि आमच्या कॉलनीतली एकही लग्नपत्रिका माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात गेलेली नाही. मामाकडची मंडळी आत्याच्या आधी घ्यायची की नंतर, चुलत्याचं बी.ए. लिहायचं पण मावसभावाचं बी.एड. गाळायचं तर ते कुणाला न दुखावता कसं, असले नाजूक प्रश्न लोक माझ्याकडेच आणतात. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींच्या वेबसाइटचा मजकूर मी स्वतःकडे घेतला, यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

शारदा, म्हणजे सौभाग्यवती, सरगुंडे करते. पुण्यामुंबईच्या वाचकांना सरगुंडा म्हटल्यावर काहीतरी कीटक वगैरे वाटण्याची शक्यता आहे, म्हणून सांगतो. कणीक-रव्याच्या पिठाची बारीक वळी काडीभोवती गुंडाळायची, अलगद काढायची, वाळवायची. मग वर्षभर केव्हाही उकडा आणि गुळवणीबरोबर नाहीतर आमरसाबरोबर खा. आमच्या मागच्या खोलीत शारदा, तिचा उजवा हात असलेली तानुबाई आणि आणखी तिघी बसून हे काम करतात. आतापर्यंत माल ओळखीत खपत होता. ओळख म्हणजे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी आणि माझ्या जुन्या ऑफिसातले लोक.

चैत्रात मेहकरचे व्यापारी भगवानराव घरी आले. त्यांनी चार सरगुंडे हातात धरून उजेडात पाहिले, एक कडकन मोडला आणि म्हणाले, "वहिनी, बनवान तेवढा माल मी उचलतो. वर्षभर. तुमाले कुठं जायाचं काम नाई. फक्त पाकीट माह्यं अन् पाकिटावर नाव माह्यं."

ते गेल्यावर शारदा काड्या पुसता पुसता म्हणाली, "हात माझे, काड्या माझ्या, अन् सरगुंडे भगवानरावांचे."

"मग नाही म्हण."

"कशाच्या जोरावर? नात्यातले लोक घेतात ते माझ्याकडे पाहून घेतात की मालाकडे, हेच मला अजून समजलं नाही." मग तिने अट घातली, स्वतःलाच. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वेबसाइट पाहून एका तरी अनोळखी माणसाने माल मागवला, तर भगवानरावांना नाही म्हणायचं. नाहीतर त्यांच्या टेम्पोत माल चढवून द्यायचा. ओळखीचा माणूस चालणार नाही, ओळखीच्याचा ओळखीचाही नाही. तिचा आवाज साधाच होता, पण मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागलो. कारण वेबसाइट तयार होऊन दीड महिना झाला होता आणि ती आजवर फक्त मी पाहिली होती.

वेबसाइटचा सांगाडा आमच्या शंतनुने पुण्याहून करून पाठवला होता. "बाबा, चौकटी फक्त नीट विचार करून भरा," तो म्हणाला, "गूगलवर पान वर येणं, एसईओ म्हणतात ते, याच्यावरच अवलंबून असतं." शेजारचे रंगराव काळवाघे तेव्हा बसलेले होते. ते म्हणाले, "एस.ई.ओ.? विशेष कार्यकारी अधिकारी? मी व्हतो ना दोन वर्षं. शिक्का अजून घरी हाय, पाह्यजे असला तं देतो." रंगराव भूमी अभिलेखमधून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्यातला एकही विषय त्यांना परका नाही.

मी विचार करूनच चौकटी भरल्या होत्या. पहिली चौकट पानाच्या शीर्षकाची. कोणत्याही शुभकार्याच्या मजकुराच्या शिरोभागी काय असतं, हे मला ठाऊक होतं. मी लिहिलं, '॥ श्री ॥'. दुसरी चौकट वर्णनाची. तिच्यात मी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून सुरुवात केली. चौकट दीडशे अक्षरांची निघाली आणि ती 'कुलस्वामिनीच्या कृपाशीर्वादाने व वडीलधाऱ्या मंडळींच्या' इथेच भरली. मुद्द्याला यायला जागा उरली नाही, पण पाया चांगला पडला होता. फोटोच्या जागी शारदेच्या उद्योगाच्या उद्घाटनाचा फोटो टाकला. फोटोत काय आहे ते लिहायला खाली चौकट होती. तिथे मी 'फीत कापताना मान्यवर, डावीकडून' असं लिहून सर्वांची नावं दिली. सरगुंड्यांचं ताट त्या फोटोत होतं, पण ते एका मान्यवराच्या पोटामागे गेलं होतं.

मग शुभेच्छुक. वेबसाइट रंगरावांच्या मोबाइलवर मीच दाखवली, ही माझी चूक. त्यांनी ती खालपर्यंत पाहिली, पुन्हा वरपर्यंत पाहिली आणि मोबाइल परत ठेवत म्हणाले, "चांगली हाय. आमचं नाव नसलं तरी काई हरकत नाई." हे वाक्य मी लग्नपत्रिकांच्या संदर्भात शेकडो वेळा ऐकलेलं आहे. याचा पुढचा भाग म्हणजे दोन वर्षं अबोला. मी तिथल्या तिथे त्यांचं नाव घातलं. ते म्हणाले, नुसतं नाव कसं, हुद्दा पाहिजे. मग त्यांनी सांगत जायचं आणि मी टाइप करत जायचं असं सुरू झालं. 'श्री. रंगराव काळवाघे, सेवानिवृत्त भूकरमापक, बुलढाणा. हद्द कायम मोजणी, पोटहिस्सा मोजणी, बांधाचे वाद यांचा दीर्घ अनुभव.' त्यांनी कोऱ्या शर्टातला एक फोटोही दिला. फोटोच्या चौकटीत काय लिहू म्हटल्यावर म्हणाले, "हेच पुन्हा लिहा. लोकायच्या ध्यानात राह्यते."

ही बातमी कॉलनीत पसरायला संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण सहज म्हणून येऊ लागला. मी कुणालाही निराश केलं नाही. फक्त अक्षरांच्या आकाराचा प्रश्न आला. एकाचं नाव मोठं आणि दुसऱ्याचं बारीक, हे मी पत्रिकेतसुद्धा कधी होऊ दिलं नाही. शंतनुने 'मुख्य मथळा' नावाचा सगळ्यात मोठा प्रकार ठेवला होता. मी सर्व सत्तावीस शुभेच्छुकांना मुख्य मथळा दिला. रुसायला जागा ठेवली नाही. तळाशी प्रथेप्रमाणे निमंत्रक म्हणून आमचं नाव घातलं, आणि ते विनयाने बारीक अक्षरात.

एवढं करूनही कोणी आलं नाही. शंतनुला फोन केला तर तो मीटिंगमधून कुजबुजला, "बाबा, सरगुंडे हा शब्द पानावर आहे ना? तो दिसायला पाहिजे." हे बोलणं समोरच्या अन्नपूर्णाबाईंनी ऐकलं. त्या रोज वहीत रामनाम लिहितात, त्यांच्या सोळा वह्या भरून झाल्या आहेत. त्या म्हणाल्या, "अहो, मग एकशे आठ वेळा लिहा. लिखित जपाचं फळ कुठे जात नाही." मी एकदा लिहून बाकीचे चिकटवणार होतो, तर त्यांनी हात धरला. "चिकटवलेल्याला फळ नसतं हो अनंतराव." एका बोटाने मोबाइलवर सरगुंडे हा शब्द एकशे आठ वेळा टाइप करून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. साठाव्यानंतर तो शब्द शब्द वाटेनासा होतो. जप पूर्ण झाल्यावर अन्नपूर्णाबाईंनी मोबाइलला हळदकुंकू लावायचं सुचवलं, ते मात्र मी होऊ दिलं नाही.

त्यानंतर शंतनुने कळवलं, की गूगलला पान पाहून जा म्हणून विनंती करायची सोय असते. हे माझ्या प्रांतातलं काम होतं. मी विनंतीचं बटण दाबलं. तीन दिवस काही कळलं नाही, तेव्हा पुन्हा दाबलं आणि वहीत 'स्मरणपत्र क्र. १' अशी नोंद केली. स्मरणपत्र क्र. ४ पर्यंत मी संयम ठेवला. जिल्हा परिषदेत आम्ही सातव्या स्मरणपत्राला उत्तर देत असू, त्यामुळे मला गूगलविषयी तक्रार नव्हती.

आणि एके दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, अनोळखी नंबरवरून फोन आला. मी शारदेला खुणेने बोलावलं.

"हॅलो, थे वेबसाइटवाले का?" पलीकडून एक जाडा आवाज.

"हो, बोला ना. आपण कुठून?"

"अमडापूरहून. तुमचं पान पाह्यलं. लय भारी हाय. रंगराव साहेब हायेत का? बांधाचं काम व्हतं."

त्या आठवड्यात सोळा फोन आले. सोळाही रंगरावांना. बुलढाणा, मोजणी, बांध असं काहीही शोधलं की आमचं पान वर येत होतं, रंगरावांच्या कोऱ्या शर्टासह. माझ्या मजकुरात ताकद होती याचा याहून मोठा पुरावा कोणता असू शकतो, असं मी शारदेला म्हणालो. तिने पुरावा मान्य केला नाही. पुढे लोक फोन करायचेही थांबले आणि थेट यायला लागले. पत्ता पानावर होताच. रंगरावांनी आमच्याच ओट्यावर बैठक मांडली. त्यांच्या घरी म्हणे उजेड कमी येतो. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका तुकतुकीत मी पाहिला नव्हता. त्यांचे सल्ले फुकट होते आणि चहा आमचा होता.

मग अमडापूरहून फोन करणारा आणि त्याचा भाऊ, असे दोघे आले. सामाईक बांधावरून सहा वर्षं बोलत नव्हते, पण एकाच मोटारसायकलवर आले. त्यांना नकाशा पसरायला जागा पाहिजे होती. रंगरावांनी अंगणातली खाट दाखवली. खाटेवर कापडाखाली सकाळचे सरगुंडे वाळत होते. नकाशा पसरला, त्यावर मोठ्या भावाने कोपर टेकलं, धाकट्याने बांध इथून जातो म्हणून तळहात आपटला. तानुबाई आतून धावत आली तोवर उशीर झाला होता. ती म्हणाली, "भाऊ, तुमचा बांध निंघन का नाई माईत नाई, पन आमचा दिवस तं गेला."

शारदा बाहेर आली, कापडाखालचा चुरा तिने सुपात भरला आणि आत गेली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. जेवताना एवढंच म्हणाली, "भगवानरावांना टेम्पो घेऊन या म्हणून सांगून ठेवा. आखाजीला नऊ दिवस राहिले."

मी दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळ राखीच्या केंद्रावर गेलो. राखी चिखली तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, पस्तिशीची, ऑनलाइन फॉर्म भरून देते. शिवाय एक टायरवाला, एक शिलाईवाली अशा दोनचार जणांच्या वेबसाइटही सांभाळते. तिच्याकडे जाणं मला कमीपणाचं वाटत होतं, हे कबूल करतो. मी तिला 'सहज एक नजर टाक' असं म्हणालो, पत्रिका तपासायला आणणारे लोक मला म्हणतात तसंच.

तिने पान उघडलं. खाली गेली, आणखी खाली गेली. "काका, हे पान कशाचं हाय?"

"सरगुंड्यांचं."

"मंग सरगुंडे कुठं हायेत?"

मी जप दाखवला. तिने तो पाहिला. "हे एकशे आठ वेळा लिहेल हाय काय?"

"हो."

"काऊन?"

मी लिखित जपाचं फळ समजावून सांगितलं. राखी हसली नाही, हा तिचा चांगुलपणा. खुर्ची माझ्याकडे ओढून ती म्हणाली, "पाहा काका, गूगल काई तुमच्या घरचा पाव्हना नाई. त्याले मानपान समजत नाई. थे पानाचं शीर्षक वाचते, मोठा मथळा वाचते, फोटोखाली काय लिहेल हाय थे वाचते, अन् ठरवते, हे पान कोनाच्या कामाचं हाय. मथळा एकच पाह्यजे. तुमी सत्तावीस देले. त्यातल्या सव्वीस जनायनं नुसता हुद्दा देला, काम काय करतेत थे लिहिलंच नाई, येकट्या रंगरावकाकायनं लिहिलं. मंग गूगलनं तुमचं पान मोजनीवाल्यायचं समजलं. त्याचं काय चुकलं?"

मी म्हटलं, ती सगळी आमची माणसं आहेत.

"हाव ना. पन ज्याले सरगुंडे पाह्यजेत, थो तुमच्या मानसायले वळखत नाई. त्याले सरगुंडे दाखवा. कसे बनवतेत, कसे शिजवाचे, किती दिवस टिकतेत, कोन बनवते." मग तिने सहज विचारलं, "काकूचं नाव काय हाय?"

"आहे ना पानावर. तळाशी, निमंत्रक म्हणून."

तिने मोठ्याने वाचलं. "सौ. व श्री. अनंत डोणगावकर." आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तं तुमचं नाव हाय, काका."

मी ते तीनदा वाचलं. सत्तावीस माणसांचे हुद्दे, पदव्या, गावं मी अचूक लिहिली होती, एकाचंही मन दुखावलं नव्हतं. आणि जी पहाटेपासून काडीवर बोटं झिजवते, तिचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं. ज्या नावावरून घरात एवढं चाललं होतं, तेच मी प्रथेप्रमाणे 'सौ. व'मध्ये गुंडाळून टाकलं होतं. मला लाज वाटली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मसुदा परत आला म्हणून मला राग यायचा, लाज वाटल्याचं आठवत नाही.

अडचण आता शुभेच्छुकांची होती. पण राखीनेच तोड काढून दिली, ज्याचा विषय वेगळा त्याचं पान वेगळं. मी रंगरावांकडे गेलो आणि तुमचं नाव पहिल्या पानावरून काढावं लागेल, असं घसा खाकरून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणालो, तुम्हाला स्वतंत्र पान देतो, त्यावर तुमच्याच ओट्याचा पत्ता टाकू.

"म्हंजे सबन पान माह्यं?"

"सगळं."

"मंग त्या सव्वीस जनायच्या घोळात मले काऊन ठेवलं व्हतं इतके दिवस?" ते म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घरात भरपूर उजेड असल्याचं सिद्ध झालं. बाकीच्यांना मी 'आमचे शुभेच्छुक' या पानावर अकारविल्हे लावलं. ह आणि क्ष वाले थोडे नाराज आहेत, पण वर्णमाला मी केलेली नाही.

मग शारदेला समोर बसवून मी वही उघडली. चौतीस वर्षं मी सरगुंडे खाल्ले, पण ते कसे होतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. ती सांगत गेली. पीठ किती घट्ट मळायचं, काडी ओली का नको, जाड वळला तर मधे कच्चा कसा राहतो. मी एकदोन ठिकाणी 'सदर' आणि 'तद्नंतर' घालून पाहिलं. तिने ते खोडायला लावलं. "लोक मला फोनवर विचारतात तसंच लिहा. उकडायला किती वेळ लागतो, एवढंच विचारतात. तद्नंतर कोणी विचारत नाही." शीर्षकाच्या चौकटीत मी लिहिलं, 'हाताने वळलेले सरगुंडे, शारदा डोणगावकर, बुलढाणा'. मुख्य मथळा एकच ठेवला. फोटो तिच्या हातांचा काढला, काडीवर वळी गुंडाळतानाचा, आणि खाली तेच लिहिलं. फोन नंबर माझाच राहिला, कारण तिचा मोबाइल पिठात असतो. राखी म्हणाली, "आता चांगलं हाय. पन आठ दिवस लागतीन, नाईतं महिनाबी लागीन."

आमच्याकडे पुरते आठही नव्हते. आखाजीला दुपारी पुरणाचं जेवण झालं आणि भगवानराव टेम्पोसह दाराशी हजर झाले. फोन आला नव्हता. ओट्यावर रंगराव आले, अन्नपूर्णाबाई आल्या, अट सगळ्यांना माहीत होती, म्हणून सगळे माझ्या मोबाइलकडे पाहत बसले. तानुबाईने डबे दारापर्यंत आणून ठेवले. मी भगवानरावांना सांगत होतो, की मजकूर आता निर्दोष आहे, विलंब केवळ गूगलच्या स्तरावर आहे. तेवढ्यात फोन वाजला.

"शारदा डोणगावकर आहेत का?" एक बाईचा आवाज.

"मी त्यांचे मिस्टर बोलतोय. काय काम आहे?"

"काम त्यांच्याकडेच आहे. देता का?"

मी फोन मोठ्या आवाजावर केला आणि शारदेच्या हातात दिला. बाई नाशिकहून बोलत होती, नाव सुवर्णा. आई असताना दर उन्हाळ्यात सरगुंडे करायची, आई गेल्यापासून घरात झालेच नाहीत. सहज शोधले तर हे पान सापडलं, फोटोतले हात पाहून मी बराच वेळ बसून राहिले, म्हणाली. दोन किलो पाठवाल का?

मी रंगरावांकडे पाहिलं. रंगरावांनी जिंकल्यासारखी मूठ आवळली. आणि शारदेने विचारलं, "तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

आपल्याकडे हा प्रश्न विचारला, की त्यातून कोणी सुटत नाही. मी हातवारे करून नको नको म्हणत होतो. रंगराव दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, पत्ता घ्या फक्त."

"मेहकर," फोन म्हणाला.

"इचारा, इचारा," भगवानराव खुशीत पुढे सरकले. "आमच्या गावची निंघाली."

"मेहकरात कोणाकडचं?"

"पाठकांकडचं. बालाजीच्या देवळामागे."

शारदा म्हणाली, "पाठकांकडे आमची चुलत आत्या दिली होती. कमलआत्या."

"कमल माझ्या आजीचं नाव," फोन म्हणाला, आणि पुढचं मला ऐकायचं नव्हतं. "अगं, मग तू माझी भाची झालीस," शारदा म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' झालं तेव्हाच मला कळलं, की सगळं संपलं. दोघी रडल्या, हसल्या, पत्ता लिहून झाला. अन्नपूर्णाबाई डोळे पुसत होत्या, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

फोन बंद झाल्यावर भगवानराव शांतपणे म्हणाले, "वहिनी, पाव्हनीच निंघाली. अट तुमचीच व्हती, मी काई बोलत नाई." आणि त्यांनी टेम्पोवाल्याला खूण केली. त्याने पहिल्या डब्याला हात घातला.

"ठेवा तो खाली," शारदा म्हणाली. "माल देणार नाही, भगवानराव."

"पन थे तं नात्यातली..."

"नातं मागून निघालं. तिनं फोन लावला तेव्हा मी तिची कोणी नव्हते, तिनं नुसतं माझं नाव वाचलं होतं." तिने पत्त्याचा कागद नीट घडी करून कमरेला खोचला. "आजवर लोकांनी मला आधी नातं विचारलं, अन् मग नाव विचारायची कोणाला गरजच पडली नाही."

तानुबाईने डबे उचलून परत आत नेले.